मंत्रीमहोदय, लाडवात काय होतं ते लिहिलं कुठे होतं?

मा. मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार. गेल्या सप्टेंबरात पोषण माहाच्या कार्यक्रमाला आपण आमच्याकडे आलात. ज्या मुलांना एखादा पदार्थ सोसत नाही त्यांना अंगणवाडीतून वेगळा खाऊ मिळेल, असं माइकवरून सांगितलंत. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

गेल्या सोमवारी माझ्या लेकीला नाचणीचा म्हणून लाडू दिला. आत शेंगदाण्याचं कूट. सेविकाताईंना तरी काय माहीत? लाडू बाहेरून घमेल्यातून आले होते. थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला घरघर. उपकेंद्रात सिरप पाजलं. ॲड्रेनालिन, म्हणजे ॲलर्जीच्या जिवावरच्या झटक्याला द्यायचं इंजेक्शन, मागितलं तर म्हणे, ते लसीकरणाच्या किटमधलं, त्या दिवशीच बाहेर निघतं. म्हणजे पोरीने गुदमरायचं तेही लसीकरणाचा वार बघून! 14 किलोच्या मुलीला 1 मिलिग्रॅमच्या कुपीतला जेमतेम सातवा हिस्सा लागतो, मांडीत टोचायचा. तेवढ्यासाठी रिक्षा करून, खड्डे मोजत तालुक्याला जावं लागलं. वाचली.

तिला शेंगदाणे चालत नाहीत, कोळंबी-जवळाही नाही. खाडीकाठच्या घरात जवळा नाही, हे कुणाला पटतं? शेजारी सुकट भाजायला घेतली की मी दारं-खिडक्या लावून घेते. कूट तर काकडीच्या कोशिंबिरीतसुद्धा असतं. लग्नाकार्यात मी पेजेचा डबा घेऊन बसते आणि ‘फार लाडावून ठेवलंय पोरीला’ हे ऐकून घेते. सासूबाई म्हणतात, थोडं थोडं भरव, सवय होईल. भांडून भांडून घसा बसला माझा. रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरते, मग झोप येत नाही ती येतच नाही. नवरा मुंबईला, ॲलर्जीचे डॉक्टर मुंबईला, तपासण्या मुंबईला. इथे आमच्या वाट्याला भूमिपूजनं.

पाकीटबंद पदार्थात शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोया असलं तर तसं छापायचं, हा 2020 चा नियम आहे. घमेल्यावर छापता येत नाही, कबूल. अंगणवाडीच्या फळ्यावर खडूने लिहायला कुणाची मंजुरी लागते? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माझ्या मुलीलाही रोज ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनं मिळायला हवीत. तिला मुगाची खिचडी चालते, त्यात कूट घालू नका, एवढंच. आणि ती कुपी उपकेंद्रात रोज हाताशी ठेवा, टोचायची मुभा द्या.

खर्चाचं सांगू नका. 2017 साली मुलामागे दिवसाला 8 रुपये ठरवलेत, त्यात आमच्या टपरीवर चहा येत नाही. पैसा जातो कुठे ते महामार्गाने जाताना दिसतं म्हणावं, तर तिथेही दिसत नाही. मुंबई-गोवा चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं. दर गणपतीच्या आधी खड्डे बुजवायची नवी तारीख येते, चाकरमानी शिव्या देत येतात, शिव्या देत परत जातात. आम्हाला तर तेवढीही सोय नाही, आम्ही इथेच राहतो. मतं मागायला मात्र वाडीवाडीत गाड्या बरोबर पोचतात.

एक विनंती. या पत्रावर ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारून ते खाली धाडू नका. तो अहवाल शेवटी आमच्या सेविकाताईंनाच लिहावा लागेल, आणि त्यांच्याकडे रजिस्टरं आधीच ढीगभर आहेत.

आपली,
खाडीकाठची एक आई