मास्तर, तुमच्या वहीतल्या त्या दोन जादा रकान्यांसाठी

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालमीतल्या मुलींचे ब्लेझर मिळाले, घालून झाले, आणि एकही तुमच्याकडे दुरुस्तीला परत आला नाही. हे तुम्हांला दुकानात सांगितलं तेव्हा "बरां झालां" एवढंच म्हणून तुम्ही पुन्हा मशीनवर पाय ठेवलात. आमचं मात्र सांगून संपलेलं नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. ज्यांच्या मुली वजन उचलतात, कबड्डी खेळतात, चिवल्याच्या समुद्रात पोहतात, त्यांना कळायला हवं की भरल्या खांद्याच्या मुलीला नीट बसणारं जॅकेट शिवता येतं, आणि ते मालवणात शिवून मिळतं. ज्यांनी याआधी या मुलींना दारातून परत पाठवलं, त्यांच्याही वाचनात हे आलं तर बरंच.

त्यांचं वाक्य ठरलेलं असतं. "लेडीजमध्ये एवढा खांदा येत नाही, जेन्ट्समध्ये बघा." जिल्ह्याच्या गावातलं दुकान असो की मुंबईतलं काचेच्या दाराचं, वाक्यात फरक नाही. ते ऐकलं की मुलगी खांदे आत ओढून उभी राहते. जे खांदे तिने घाम गाळून कमावले तेच तिला लपवावेसे वाटतात. त्यात माप आणखी बिघडतं, कारण आवळलेल्या खांद्यांचं माप मोकळ्या खांद्यांना कधीच येत नाही.

तुमच्या दुकानात काय घडलं ते इथे लिहून ठेवायचंच आहे. तुमची ती जाड वही, पुढून जेन्ट्सची पानं, मागून लेडीजची. लेडीजच्या पानावर नेहमीचे रकाने: उंची, छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), खांदा, बाही. पहिल्या मुलीचा खांदा साडेसोळा इंच आला. तुम्ही आकडा मोठ्याने उच्चारला नाहीत. भुवई उचलली नाहीत, "व्यायाम करता काय?" असंही विचारलं नाहीत. वही उलटी करून जेन्ट्सच्या पानावर गेला नाहीत. त्याच पानावर लाकडी पट्टी ठेवून पेन्सिलीने दोन उभ्या रेघा ओढल्यात, आणि वर लिहिलंत, "पाठ, हात पुढे" आणि "दंड, मूठ आवळून". रेघा पानाच्या तळापर्यंत नेल्यात. म्हणजे तिच्या खाली ज्या ज्या मुलीचं नाव लागेल तिच्यासाठी जागा आधीच झालेली. ती मुलगी वहीकडे बघत होती आणि बघता बघता सरळ उभी राहिली. बाकीच्या मुलींनी नंतर आपणहून मापं दिली, एकीलाही "खांदे सोड" म्हणावं लागलं नाही. ब्लेझर उत्तम झाले, पण आभार मानायचे ते आधी या दोन रेघांचे.

आता कामाबद्दल, कारण तुम्ही जे केलंत ते इतर कटरांनीही करावं असं फार वाटतं.

तयार कपड्यांत अडचण येते ती साइजच्या तक्त्यामुळे. एका साइजवरून पुढच्या साइजवर गेलं की छाती साधारण दोन इंचांनी वाढते, खांदा मात्र जेमतेम अर्ध्या इंचाने. समजा, छत्तीस छातीच्या जॅकेटला खांदा साडेचौदा आहे आणि मुलीची छाती छत्तीसच पण खांदा साडेसोळा. तर खांद्याचे दोन इंच मिळवायला चार साइज वर जावं लागतं आणि छाती पोचते चव्वेचाळीसवर. मग पुढे गळ्याखाली पोकळी, कंबरेत पोतं. बाजूच्या शिवणीतून दोन-तीन इंच आवळता येतात. त्याहून जास्त आवळलं की खिसे पाठीकडे सरकतात आणि मागचा कट उघडा राहतो. जेन्ट्सचं घेतलं तर खांदा बसतो, पण सीटवर अडकतं, छातीला टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) नसल्याने बटण लावताच पुढे ओढ येते, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, इतका खोल असतो की हात उचलला की अख्खं जॅकेट कानापर्यंत. कर्णम मल्लेश्वरींनी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचं ब्राँझ मिळवलं त्याला पाव शतक होऊन गेलं. गावोगावच्या मुली बारबेल उचलायला लागल्या, तक्ता मात्र जिथल्या तिथे आहे.

त्यात खांद्याचं माप चुकीच्या जागी घेतलं जातं, ही दुसरी गोम. दंडाच्या वरचा गोल स्नायू भरलेला असला की बहुतेक जण टेप त्या गोलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेतात. मग खांद्याची शिवण दंडावर लोंबते आणि मुलगी आहे त्याहून रुंद दिसते. शिवण यायला हवी हाडाच्या टोकावर. हात बाजूला थोडा उचलला की त्या टोकाशी छोटा खळगा पडतो, तिथे टेप थांबवायची. तुम्ही तर तो खळगा मुलीलाच आपल्या बोटाने दाखवायला सांगितलात, तिच्या खांद्याला हात न लावता. त्याच्या पलीकडचा फुगवटा बाहीच्या गोलाईत, म्हणजे तिच्या वरच्या गोल भागात, घ्यायचा, खांद्यात नाही. एवढं एक जमलं तरी निम्मं जॅकेट सुधारतं.

तुमचा "पाठ, हात पुढे" हा रकाना तर प्रत्येक वहीत असायला हवा. मानेच्या हाडापासून चार-साडेचार इंच खाली, एका बगलेच्या घडीपासून दुसरीपर्यंत, आधी हात खाली सोडून आणि मग दोन्ही हात समोर धरून. कमावलेल्या पाठीत या दोन मापांत दोन इंचांचा फरक सहज पडतो. तो फरक कापडाने दिला नाही तर तो उसवून निघतो, आणि उसवतो नेमका मागच्या मुंढ्यापाशी, कारण हात पुढे गेला की सगळी ओढ तिथे येते. तुम्ही पाठीला इंच-सव्वा इंच सैल ठेवलंत, मागच्या मुंढ्याला आतून सुती पट्टी घालून दुहेरी टीप मारलीत, आणि अस्तराला पाठीच्या मधोमध उभी घडी सोडलीत. अस्तर ताणलं जात नाही म्हणून ते कापडाच्या आधी फाटतं. ती एक घडी शिवायला किती वेळ लागतो! तरी ती टाळणारे कितीतरी.

दंडाचं मापही तसंच. हात सैल सोडून घेतलेल्या मापावर बाही कापली की कोपर वाकवताच ती दंडाला चिकटते. मूठ आवळून, कोपर वाकवून घेतलेल्या मापावर दीड ते दोन इंच जादा ठेवले की अस्तरासकट बाही मोकळी राहते. व्यायाम झाल्या झाल्या मात्र माप घेऊ नये, स्नायू फुगलेले असतात. तालमीतून थेट आलेल्या दोघींना तुम्ही पाणी देऊन बाकावर बसवलंत ते म्हणूनच, हे नंतर लक्षात आलं.

मुंढ्याबद्दल तर बहुतेक दुकानांत उलटाच समज आहे. हात जाड म्हणून मुंढा खोल कापतात. खोल मुंढ्यात बाही अंगाला खालच्या बाजूला जोडली जाते, त्यामुळे हात वर गेला की बाही जॅकेटला ओढत वर नेते. मुंढा बगलेला जवळ हवा, अर्धा-पाऊण इंच खाली, आणि मोकळेपणा द्यायचा बाहीच्या रुंदीतून. त्यासाठी बाहीची गोलाई थोडी बुटकी करून रुंद करायची. हात खाली असताना बगलेत एखादी घडी पडते, ती पडू द्यावी. ती घालवायला गेलं की हात बांधले जातात. बाहीच्या गोलाईत मुंढ्यापेक्षा इंचभर जादा कापड मुरवायचं, म्हणजे चुणी न दिसता शिवणीत सामावून घ्यायचं, असेल तर कापडात लोकर हवी, ती वाफेवर बसते. निव्वळ पॉलिस्टरमध्ये तेवढं मुरत नाही, वर चुण्या दिसतात. तुम्ही ट्रायलला कच्च्या टाक्यांवरचं जॅकेट मुलीला घालायला देऊन म्हणालात, "हात वर कर गो, माळ्यार डबो ठेवतंस तसो." खरी परीक्षा ती हीच. आरशासमोर ताठ उभं राहिल्यावर कुठलंही जॅकेट बरं दिसतं.

मान आणि खांद्यामधला उंचवटा ज्यांचा भरलेला असतो त्यांचं वेगळंच. जॅकेट त्या उंचवट्यावर टेकतं, खांद्याचं टोक रिकामं राहतं, आणि मानेपासून बगलेकडे तिरप्या सुरकुत्या उतरतात. लगेच कोणीतरी तिथे जाड पॅड कोंबतं आणि मुलगी दरवाजाएवढी दिसायला लागते. खरा उपाय खांद्याचा उतार वाढवून कापणं, आणि मागच्या खांद्याची शिवण पुढच्यापेक्षा पाव-अर्धा इंच लांब ठेवून मुरवणं, म्हणजे कापडाला त्या उंचवट्यावरून वळायला जागा मिळते. ज्यांचे खांदे उलट चौकोनी, त्यांना मानेखाली आडवी वळी पडते, तिथे खांद्याचं टोक उचलावं लागतं. पोहणाऱ्या मुलींचे खांदे बऱ्याचदा पुढे आलेले असतात, त्यांच्यासाठी खांद्यावरची शिवणच अर्धा इंच पुढे घ्यायची. दोन्ही खांदे एकसारखे असतातच असं नाही, म्हणून दोन्ही वेगळे मोजायचे. मोजताना मुलगी जॅकेटखाली रोज जे घालणार तेच घालून आलेली हवी, कारण स्पोर्ट्स ब्राने छाती चपटी होते आणि टक्सची जागा बदलते. १९८०च्या दशकात बायकांच्या जॅकेटमध्ये खांदे रुंद दिसावेत म्हणून फोमचे जाड पॅड घालायची फॅशन जोरात होती. त्या खांद्यांचं जगभर कौतुक झालं. मेहनतीने आलेल्या खांद्यांना मात्र दुकानात जागा नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

कापडाबाबत तुमचा सल्ला किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. आपल्या दमट हवेत पूर्ण पॉलिस्टर अस्तर म्हणजे शिक्षा. पाठीला फक्त वरच्या भागात अस्तर, बाह्यांना पूर्ण, आणि बगलेत धुता येईल असा सुती तुकडा. लिनन किंवा सुती कापड असेल तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात खांदाच आखडतो. मिश्र कापडात दोन-तीन टक्के लायक्रा असला तर उत्तम, पण ताण अंगाभोवती आडवा येईल असं कापायचं. उभा आला तर पैसे फुकट. छातीला स्वस्त पेस्टिंग (आतून चिकटवायचं ताठ कापड) लावलं तर काही धुण्यांत आणि गरम इस्त्रीत ते सुटून फोड येतात, आणि छातीचे स्नायू भरलेले असले की ते फोड सगळ्यांत आधी तिथेच दिसतात. पावसाळ्यात जॅकेट प्लास्टिकच्या कव्हरात ठेवू नये, बुरशी धरते. सुती कव्हर घालून, कपाटात हवा खेळेल असं टांगावं.

ज्यांना शिवून घेणं परवडत नाही किंवा वेळ नाही त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेलं एक इथे देते: तयार जॅकेट घेताना आधी खांदा आणि पाठ बघा, कंबर नंतर. कंबर आवळता येते, बाही तोकडी करता येते. खांदा थोडा आत घेता येतो, पण त्यासाठी बाही उतरवावी लागते, खर्च होतो. खांदा वाढवता मात्र येत नाही, कारण शिवणीपलीकडे कापडच नसतं. शिवून घेत असाल तर बाजूला आणि पाठीच्या मधल्या शिवणीत इंचभर दाब, म्हणजे आत जादा कापड, सोडायला सांगा. मेहनत करणारं अंग वर्षभरात बदलतं.

मास्तर, तुमच्यासारखी माणसं बाजारपेठेत अजून आहेत, याचा फार आधार वाटतो. समोर आलेल्या माणसाचं अंग कसं असावं हे न ठरवता, आहे त्या अंगाला काय लागेल ते बघणारी. बंदरावरून डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांच्या माना-खांद्यांना आपल्याकडे कधी कोणी नावं ठेवली नाहीत. आंब्याच्या पेट्या उचलणाऱ्यांच्या दंडांनाही नाही. मग त्यांच्याच मुली-नातींनी तेच बळ खेळात वापरलं तर दुकानदाराने तोंड का फिरवावं? तुम्ही फिरवलं नाहीत. शिलाईही इतर लेडीज ब्लेझरएवढीच घेतलीत. "काम जास्त झालां, पण कापड तेवढांच लागला" म्हणालात. दोन ट्रायल, वेगळी बाही, मागची पट्टी, हे सगळं त्याच पैशात. तुमच्या मिसेसनी छातीची मापं आतल्या खोलीत घेतली, आणि मुलींना उकडतंय हे बघून पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

पुढच्या महिन्यात उरलेल्या दोघी येतील. एकीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, तिचे दोन्ही खांदे वेगळे मोजायचे आहेत. दुसरी पोहते, तिच्या शिवणी पुढे घ्याव्या लागतील. दोघींनाही जॅकेटखाली घालायचे तेच कपडे घालून यायला सांगितलं आहे, आणि सकाळच्या व्यायामाआधी, म्हणजे दुकान उघडल्या उघडल्या पाठवते. कापड नेव्ही ब्लू, मागच्याच ठाणातलं मिळालं तर बरं, नाहीतर रंग उन्हात धरून जुळवून घ्या. आगाऊ रक्कम त्यांच्याच हाती देते.

आपली कृतज्ञ,
तालमीतल्या सगळ्या मुलींच्या वतीने त्यांची प्रशिक्षक