चिऊ, त्या काउंटरवर जाऊन बसून ये

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू सांगत होतीस आणि मी नुसतं बरं बरं करत राहिलो, कारण आई बाजूलाच भाजी निवडत बसली होती आणि तिच्या डोक्याला उगाच ताप नको. पण रात्री झोप काही आली नाही म्हणून आता मोबाईलवर टाईप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घे.

तर तिकडे अमेरिकेत नॅशविलला आपल्याच मराठी लोकांच्या जेवणात त्या काकूंनी तुला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "म्हणजे तुम्ही नेमके कोण गं?" आणि तू ताट घेऊन बाहेर जाऊन उभी राहिलीस. वर तुला राग आला तो काकूंचा नाही, स्वतःचा, की मी गप्प का बसले.

अगं माझं पण हेच झालेलं. ८७ साली नवीन नोकरी, नवीन गाव, खोली बघायला गेलो, भाडं ठरलं, चहा पण झाला, मग मालकांनी आडनाव विचारलं आणि त्यांना एकदम आठवलं की ही खोली तर भाच्याला द्यायचीये. मी काय म्हणालो असेन? "काही हरकत नाही." हरकत नाही! झणझणीत उत्तर सुचलं ते चार तासांनी, एसटीत. अजूनही नवीन नवीन सुचत असतं, आंघोळ करताना वगैरे.

आता तू राहतेस त्याच गावातली गोष्ट सांगतो, पण सुरुवात आपल्या नागपुरातली आहे. जेम्स लॉसन नावाचा काळा अमेरिकन तरुण, कोरियाच्या लढाईत जायला नकार दिला म्हणून तेरा महिने जेलमध्ये राहिलेला, १९५३ साली मिशनतर्फे आपल्या हिस्लॉप कॉलेजात आला. पोरांना खेळ शिकवायचा आणि गांधींचा अभ्यास करायचा. (गांधींबद्दल आपल्या घरात काय मत आहे ते तुला माहितीये, आजोबा असते तर इथेच उठून गेले असते. पण ऐक तर.) डिसेंबर १९५५ मध्ये त्याने नागपूरच्या पेपरात वाचलं की अमेरिकेतल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय, आणि गड्याने आनंदाने उड्याच मारल्या म्हणे. मी त्याच कॉलेजात शिकलो, पण तिथे असताना हे नाव कधी कानावर आलं नाही बघ. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ड्यू बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहून कळवलेलं की अस्पृश्यांची आणि तिथल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास केलाच पाहिजे, ते मात्र आम्हाला पाठ होतं.

लॉसन परत गेला, मार्टिन ल्यूथर किंगना भेटला आणि नॅशविलला राहायला आला. तिथे तेव्हा कसं होतं, डाउनटाउनच्या मोठ्या दुकानात काळ्या माणसाने साबण घ्यावा, वह्या घ्याव्यात, पैसे खुशाल घेणार, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर, म्हणजे खायला बसायच्या जागी, बसायचं नाही. कामाला येणारे लोक डबा घेऊन बाहेर फुटपाथच्या कडेला बसून जेवायचे. महाडला पण पाणीच तर प्यायचं होतं.

मग १९५९ मध्ये एका चर्चच्या तळघरात त्याने कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग घेतले. माझा जीव अडकलाय तो इथे. भाषणं कमी आणि तालीम जास्त, आपल्या नाटकाची असते तशी. निम्मे जण गोरे गुंड व्हायचे, निम्मे खुर्चीवर बसायचे. गुंडांनी घाण शिव्या द्यायच्या, सिगरेटचा धूर तोंडावर सोडायचा, अंगावर पाणी ओतायचं, खुर्चीवरून ओढून खाली पाडायचं, आणि पडताना डोकं कसं झाकायचं ते शिकायचं. आपल्याच मैत्रिणीने आपल्याला "निगर" म्हणायचं, पुन्हा पुन्हा, कानाला सवय होईपर्यंत. विचार कर.

त्यात डायॅन नॅश नावाची शिकागोची मुलगी होती, तुझ्यासारखीच बाहेरून शिकायला आलेली. ती सांगते की भीतीने वर्गात तळहाताला घाम सुटायचा. तीच पुढे त्या सगळ्यांची लीडर झाली.

१३ फेब्रुवारी १९६०, बाहेर बर्फ, शंभरावर पोरं रविवारचे चांगले कपडे घालून निघाली. आधी काहीतरी विकत घेतलं, पावती घेतली आणि जाऊन बसली, कोणी द्यायला येईना तर पुस्तकं काढून अभ्यास. २७ तारखेला मात्र गोऱ्या पोरांनी धरून मारलं, खाली ओढलं, आणि पोलिसांनी पकडलं कुणाला? मार खाणाऱ्यांना, ऐंशीच्या आसपास! एक रांग उचलून नेली की दुसरी रांग येऊन त्याच खुर्च्यांवर. कोर्टाने ५० डॉलर दंड केला तर म्हणे दंड नाही भरत, जेलमध्ये ठेवा. लॉसन शिकत होता त्या युनिव्हर्सिटीने त्याला काढून टाकलं. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या, लूबींच्या घरावर बॉम्ब टाकला, त्याच दिवशी तीनेक हजार लोक गप्पपणे चालत सिटी हॉलवर गेले आणि डायॅनने सगळ्यांसमोर मेयरला सरळ विचारलं की रंगावरून भेद करणं चूक आहे की नाही, आणि त्याला हो म्हणावंच लागलं. १० मेला काउंटर उघडले. अख्ख्या देशाचा कायदा व्हायला १९६४ उजाडलं.

त्या पोरांचे दहा नियम होते, त्यांच्यातल्याच जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट यांनी लिहिलेले. उलट मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. तुमच्या चर्च स्ट्रीटवरच्या पब्लिक लायब्ररीत तसाच एक काउंटर बनवलाय, त्यावर हे नियम कोरलेत. शनिवारी जा, बसून ये, फोटो पाठव. आणि स्वतःवर चिडू नकोस गं, त्यांनी महिनोन्महिने तालीम केली होती, तुला काकूंनी जेवताना अचानक गाठलं.

रविवारी आई बाजाराला गेली की फोन कर, आपण पण तालीम करू. मी त्या काकू बनतो, तू तूच राहा. आडनावापासून सुरू करीन.

जय भीम,
बाबा