भुताच्या गोष्टी मुलांपासून हिरावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातील गृहसंकुलांमध्ये साजऱ्या होणाऱ्या हॅलोविन या भुताखेतांच्या पाश्चात्त्य सणावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे जी चर्चा झाली, तिच्यातील एका मुद्द्याबद्दल लिहावेसे वाटते. हा सण करावा की नाही, हे ज्या त्या संकुलाने आपल्या सभेत ठरवावे. त्याविषयी माझे म्हणणे नाही. मात्र 'द सिम्प्सन्स'सारख्या व्यंगचित्रमालिकांचे हॅलोविन विशेष भाग दाखवणे म्हणजे मुलांच्या मनात भीती पेरणे होय, हा आक्षेप मला मान्य नाही. त्या मालिकेचा पहिला विशेष भाग शांतपणे पाहिला, तर हा आक्षेप टिकत नाही.

हा भाग अमेरिकेत 25 ऑक्टोबर 1990 रोजी प्रसारित झाला आणि तेव्हापासून दरवर्षी साधारणपणे तीन स्वतंत्र कथांचा असा एक भाग काढण्याची प्रथा त्या मालिकेने पाळली. सुरुवातीलाच घरातली आई, मार्ज, पडद्यासमोर येऊन सांगते की भाग भीतिदायक आहे, तेव्हा उद्या रागाची पत्रे लिहिण्यापेक्षा मुलांना आज लवकर झोपवा. मग बार्ट आणि लिसा ही भावंडे झाडावरच्या लाकडी खोपटात बसून एकमेकांना गोष्टी सांगू लागतात आणि वडील होमर बाहेरून चोरून ऐकत राहतात. पहिली गोष्ट स्वस्तात मिळालेल्या झपाटलेल्या घराची आहे, दुसरी या कुटुंबाला उचलून नेणाऱ्या परग्रहवासीयांची. दोन्ही गमतीच्या आहेत, पण माझा आग्रह तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

लिसा पुस्तक उघडून एडगर ॲलन पो यांची 'द रेव्हन' ही 1845 सालची कविता वाचू लागते. मृत प्रेयसीच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसाच्या खोलीत मध्यरात्री एक डोमकावळा शिरतो आणि प्रत्येक प्रश्नाला एकच शब्द उच्चारत राहतो, एवढाच तिचा विषय. विनोदी मालिकेच्या लेखकांनी इथे मूळ कवितेची टर उडवली असती तरी कुणाला नवल वाटले नसते. त्यांनी काही कडवी गाळली, पण ठेवली ती पोच्याच शब्दांत, आणि निवेदन अमेरिकन अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांच्या धीरगंभीर आवाजात केले. विनोद चित्रांमध्ये ठेवला. कावळ्याला बार्टचे तोंड दिले. शाळेत पाठांतरासाठी लावली असती तर ज्या कवितेचा मुलांनी कंटाळा केला असता, ती त्यांनी टीव्हीसमोर बसून कान देऊन ऐकली. मुलांच्या आकलनावर एवढा विश्वास टाकणारा कार्यक्रम मुलांचे नुकसान करतो, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

भीतीचे म्हणाल, तर उत्तर त्याच भागाच्या शेवटी आहे. मुलांना कविता फारशी भीतिदायक वाटत नाही आणि ती निवांत झोपी जातात. झोप उडते ती चोरून ऐकणाऱ्या बापाची. आपण पालकही पुष्कळदा आपलीच धास्ती मुलांच्या नावावर खपवतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय या विशेष भागांत जे घडते ते मालिकेच्या नेहमीच्या कथानकात धरले जात नाही. मेलेले पात्र पुढच्या भागात धडधाकट असते. गोष्ट संपली की भीतीही संपते, हे मुलांना त्यातून न सांगता कळते. पुढचे सगळेच भाग लहानांसाठी आहेत, असा माझा दावा नाही. 1994 सालच्या भागात शिक्षकच विद्यार्थ्यांना शिजवून खातात. तो सात-आठ वर्षांच्या मुलाला दाखवू नये, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मी बिनशर्त मान्य करते. पण त्यासाठी वय पाहून निवड करावी. सरसकट बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे.

मला खरी खंत वेगळीच आहे. कथेच्या आत कथा गुंफण्याची ही रीत आपल्याकडे निदान 11व्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'पासून आहे. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्टीमागून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारून राजाला पेचात पकडतो. पिंपळावरचा मुंजा, रात्री वाट चुकवणारा चकवा, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, हडळ, खवीस, समंध अशी आपली भुतावळ इतकी वेगवेगळ्या स्वभावांची आहे की दरवर्षी तीन गोष्टी काढल्या तरी ती सरणार नाही. नारायण धारपांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना भयकथेची गोडी लावली. रत्नाकर मतकरींनी तर एका हाताने बालनाट्ये लिहिली आणि दुसऱ्या हाताने गूढकथा. मुलांचे लेखन आणि भयाचे लेखन यांत वैर नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? असे असूनही येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या मुलांना भोपळ्याचे डोळे कोरता येतात आणि मुंजा कोण हे मात्र ठाऊक नसते.

हॅलोविन येतो तो साधारण आपल्या दिवाळीच्या सुटीच्या आणि दिवाळी अंकांच्या दिवसांतच. तेव्हा माझी विनंती अशी की, 1893 पासून वाचकांची सेवा करणाऱ्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने या सुटीत मुलांसाठी मराठी भयकथांच्या अभिवाचनाची एक संध्याकाळ ठेवावी, गडकरी रंगायतनात बालनाट्ये करणाऱ्या संस्थांनी तीन छोट्या भूतकथांचा एक प्रयोग बसवावा आणि आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत त्या आठवड्यात एक तरी अस्सल मराठी भुताची गोष्ट, सौम्य न करता, छापावी. मराठीत ॲनिमेशन करणारे तरुण ठाणे आणि नवी मुंबईत आहेत; त्यांच्यापर्यंत हे पत्र पोहोचले, तर वेताळाच्या एका गोष्टीवर अर्ध्या तासाचा भाग करून पाहण्याची विनंती मी त्यांनाही करते.

आपली विश्वासू,
एक पालक व वाचक,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)