एका मोकळ्या जागेबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली विनंती मी पाळतो आहे. मात्र आभार चारचौघांत मानू नयेत असे आपण म्हटलेले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो. आमच्या वाचनालयाची ई-पत्रे सभासदांच्या हाती पुन्हा पडू लागली आहेत. दिवाळी अंक योजनेची सूचना, वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, देणगीदारांना जाणारी पत्रे हे सारे स्पॅममध्ये गडप न होता आता ज्याचे त्याला मिळते. एका ज्येष्ठ सभासदांनी मुद्दाम कार्यालयात येऊन ‘या वेळी सभेचे पत्र वेळेवर आले’ असे सांगितले, तेव्हा पहिली आठवण आपली झाली.

आपल्याकडे येण्यापूर्वी ज्यांनी आमची दाद घेतली नाही त्यांच्याविषयी मनात काही ठेवायचे नाही असे मी ठरवले होते, पण ते अजून गेलेले नाही. ज्या कंपनीकडे आमचे डोमेन (इंटरनेटवरचे आमचे नाव) आणि मेल आहे तिचे पैसे आम्ही दरवर्षी मुदतीच्या आत भरतो. तिच्या मदत कक्षाने आधी सांगितले की तुमच्या मजकुरात जाहिरातीसारखे शब्द आहेत. मग सांगितले की वरच्या दराची योजना घ्या. शेवटी सांगितले की दोष पत्र घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. मधल्या काळात प्रत्येक नव्या तंत्रज्ञाने आधीच्याने काय केले ते न पाहता डोमेनच्या नोंदींत स्वतःची भर घातली, आणि एकाच नावावर दोन एसपीएफ नोंदी, म्हणजे आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणाला हे सांगणाऱ्या नोंदी, उभ्या राहिल्या. डोमेनला अशी नोंद एकच असावी लागते. दोन सापडल्या तर पत्र घेणारा सर्व्हर त्यांतली बरी कोणती हे निवडत बसत नाही. तो तपासणी तेथेच थांबवून ‘कायमस्वरूपी चूक’ असा निकाल देतो. ज्यांचे हे रोजचे काम आहे त्यांना हे ठाऊक नसावे, आणि ठाऊक नसताना ‘काम पूर्ण झाले’ असे कळवून त्यांनी तक्रार बंद करावी, याचा मला राग आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) यांपैकी निदान एकाची, आणि दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांकडून या दोन्हींची व शिवाय डीमार्कची (तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे ते सांगणाऱ्या धोरणाची) अपेक्षा ठेवली आहे. अशा काळात हा निष्काळजीपणा छोट्या संस्थेचा आवाजच बंद करतो.

आपण मात्र कशालाही हात लावण्याआधी ही नोंद म्हणजे काय ते समजावून सांगितलेत. डोमेनच्या नावावरून त्याचे पत्ते आणि नोंदी शोधून देणाऱ्या डोमेन नेम सिस्टिमची मूळ मांडणी पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये केली, आणि जिच्या पायावर ती आजही उभी आहे ती आरएफसी १०३५ ही नियमावली नोव्हेंबर १९८७ ची. तिच्यात टीएक्सटी नावाची नोंद आहे, ती केवळ वर्णनपर मजकुरासाठी. मजकुराची रचना कशी असावी याबद्दल ती नियमावली काही सांगत नाही; ती फक्त साठवण्याची रीत सांगते. नोंद म्हणजे एक किंवा अधिक तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी सांगणारी एक बाइट. एका बाइटमध्ये २५५ हून मोठी संख्या मावत नाही, म्हणून एक तुकडाही २५५ बाइटपेक्षा मोठा होत नाही. मजकूर त्याहून लांब असेल तर तो तोडावाच लागतो. पुढे याच साध्या नोंदीत लोकांनी अधिकारांच्या याद्या, सही पडताळण्याच्या सार्वजनिक किल्ल्या आणि धोरणे ठेवली, आणि प्रत्येकाने त्यासाठी आपापली लिहिण्याची पद्धत ठरवली. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटले की आमच्या अडचणीला काही आकार आहे, ती नुसती आमच्या नशिबाची गोष्ट नाही.

आमच्या दोन एसपीएफ नोंदी कोणीतरी अखेर एकत्र केल्या होत्या, पण तरीही पत्रे पोहोचत नव्हती, आणि खरी मेख तेथेच होती. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे याची यादी, आणि यादीतली एक बाब दुसरीपासून वेगळी होते ती मोकळ्या जागेने. आमची एकत्र केलेली यादी २५५ च्या पुढे गेल्यामुळे तिचे दोन तुकडे झाले होते. एसपीएफची नियमावली, आरएफसी ७२०८, सांगते की असे तुकडे वाचताना एकमेकांना चिकटवायचे आणि मध्ये काहीही घालायचे नाही. पहिला तुकडा एका सर्व्हरच्या आकडी पत्त्याने संपत होता आणि दुसरा, दुसऱ्या डोमेनची यादीही धरा असे सांगणाऱ्या ‘इन्क्लूड’ या शब्दाने सुरू होत होता. आमचा खरा पत्ता येथे देत नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एक घेतो: ‘आयपी४:१९२.०.२.१०’ आणि ‘इन्क्लूड’ हे दोन्ही चिकटून ‘आयपी४:१९२.०.२.१०इन्क्लूड’ असा कोणालाही न लागणारा शब्द तयार होत होता, आणि त्या एका शब्दापायी सबंध यादी बाद होत होती. मी मदत कक्षाला हे विचारले नव्हते असे नाही. डोमेनच्या नोंदी विचारून दाखवणाऱ्या ‘डिग’ आज्ञेचे उत्तर पडद्यावर दाखवून त्यांनी मला सांगितले होते की दोन तुकड्यांच्या मध्ये जागा दिसते आहे. ती दिसत होती हे खरे. पण ती पहिल्या तुकड्याचे अवतरणचिन्ह बंद झाल्यानंतर आणि दुसऱ्याचे उघडण्याआधी होती. ती जागा ‘डिग’ने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी सोडलेली असते. नोंदीत ती नसतेच.

हे आपण फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळ्या होऊ शकला असतात. स्वतः दुरुस्त करून ‘आता बघा’ असेही म्हणू शकला असतात, आणि तेवढ्यानेही आमचे काम झाले असते. आपण चौकटीच्या वहीचे पान घेतलेत, जोडाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे एका चौकटीत एक अशी सुवाच्य लिहिलीत, आणि त्या पानाचा फोटो मला पाठवलात. पहिला तुकडा निळ्या शाईत, दुसरा काळ्या. अवतरणचिन्हे चौकटींत न लिहिता वरच्या रेषेवर, कारण ती मजकुराचा भाग नाहीत. पहिल्या तुकड्यातल्या शेवटच्या शून्यानंतर, अवतरणचिन्ह बंद होण्याच्या अलीकडे, एक चौकट रिकामी होती आणि तिच्याभोवती लाल पेन्सिलीने दोनदा फिरवलेले वर्तुळ होते. खाली आपण एवढेच लिहिले होते: ‘ही रिकामी चौकट हेही एक अक्षर आहे. याची एक बाइट मोजायची.’

मी उमेदीची वर्षे मुद्रितशोधनात घालवली आहेत. खिळ्यांच्या छपाईत दोन शब्दांमधली जागा आपोआप पडत नसे. तीही शिशाचीच असे, आणि जुळाऱ्याला ती हाताने बसवावी लागे. आपल्याला माझ्या या कामाची कल्पना नव्हती, तरी आपण मला बरोबर त्याच भाषेत समजावलेत. त्या पानाकडे पाहताना माझ्या मनावरचे ओझे उतरले. इतके दिवस प्रत्येकजण मला सांगत होता की हे तुम्हाला कळायचे नाही. आपण एक शब्दही न बोलता गृहीत धरलेत की मला हे कळेल. पान मी वाचनालयाच्या दप्तरात लावून ठेवले आहे, आणि जो कोणी यापुढे चिटणीस होईल त्याला कार्यभारासोबत ते मिळेल.

बाकीची दुरुस्ती तशी लवकर झाली, पण तिच्यातली एक बाब लिहिल्यावाचून राहवत नाही. डीकेआयएमची नोंद आमच्याकडे होती आणि तरीही नव्हती. त्या नोंदीत बाबी अर्धविरामाने वेगळ्या करतात: आधी आवृत्ती, मग किल्लीचा प्रकार, मग ‘पी’ या खुणेपुढे खुद्द सार्वजनिक किल्ली. डोमेनच्या नोंदी जिच्यात लिहितात त्या झोन फाइलमध्ये मात्र अर्धविरामाचा अर्थ वेगळा, तेथून पुढे ओळीच्या शेवटापर्यंत सारी टिप्पणी. कोणीतरी अवतरणचिन्हांवाचून ती ओळ लिहिली होती, त्यामुळे जगाला फक्त ‘व्ही=डीकेआयएम१’ एवढेच दिसत होते आणि किल्ली टिप्पणी समजून गळून गेली होती. २०४८ बिटची किल्ली बेस६४ या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीने लिहिली की ३९२ अक्षरांची होते, म्हणजे तिचेही तुकडे पाडावे लागतात. ते करताना मी पुन्हा मोकळ्या जागेची धास्ती घेतली, तेव्हा आपण हसून सांगितलेत की येथे निश्चिंत राहा, किल्लीच्या मध्ये जागा आली तरी वाचणारा ती सोडून देतो. एकाच प्रकारच्या नोंदीत एका ठिकाणी जागा राहून गेली तर सर्वनाश आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त आली तर काहीच बिघडत नाही, हे फरक ज्याला ठाऊक असतात आणि जो ते दुसऱ्याला न कंटाळता सांगतो, त्यालाच मी जाणकार म्हणतो.

त्याच ओघात आपण आमच्या वाचन कक्षातल्या प्रिंटरचा विषय काढला होतात, तो मला फार आवडला. तो प्रिंटर कोणी न सांगता सगळ्या संगणकांना सापडतो, कारण तो स्थानिक जाळ्यात नोंदींतून स्वतःची ओळख देतो, आणि आपली जास्तीची माहिती तोही टीएक्सटी नोंदीतूनच सांगतो. त्याची पद्धत २०१३ च्या आरएफसी ६७६३ मध्ये दिली आहे. तेथे तुकडे चिकटवायचे नसतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र बाब, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव आणि उजवीकडे मूल्य. नाव आणि मूल्य असे लिहिण्याची सूचना १९९३ च्या आरएफसी १४६४ मध्ये आलेली होती, पण ती सर्वांनी उचलली नाही. एसपीएफला तर २००६ मध्ये ९९ क्रमांकाचा स्वतंत्र नोंदप्रकारही मिळाला होता. तो फारसा कोणी वापरला नाही, आणि २०१४ च्या नियमावलीने तो सोडून देऊन पुन्हा टीएक्सटीच कायम केली. मला यात माणसांची नेहमीची वागणूक दिसते. नवी खोली बांधून दिली तरी लोक ओळखीच्या ओसरीवरच बसतात, आणि मग तेथे गर्दी होते. ती गर्दी निस्तरण्यासाठीच ‘_डीमार्क’ आणि ‘_डोमेनकी’ अशी अधोरेषेने सुरू होणारी नावे आली, म्हणजे ज्याची नोंद त्याच्या नावाखाली राहावी आणि एकाची दुसऱ्यात मिसळू नये.

ताई, या सगळ्या नियमावल्या कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांनी प्रत्येक बारकावा, अगदी तुकडे चिकटवताना मध्ये जागा घालायची नाही हेसुद्धा, स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवले. त्यांना आमचे वाचनालय ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी त्यांच्या त्या एका वाक्यामुळे आमचा दोष सापडला. हा सज्जनपणा मला मोठा वाटतो. तो भेटल्याशिवाय, ओळखीशिवाय, वर्षांमागून वर्षे उपयोगी पडतो. आणि जो ते वाक्य वाचतो, समजून घेतो आणि गरजू माणसापुढे त्याच्या कुवतीप्रमाणे मांडतो, त्याचा सज्जनपणाही त्याच तोलाचा. पैसे घेऊन उत्तर टाळणारे मी पुष्कळ पाहिले. आपण मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत, आमचा पासवर्ड मागितला नाहीत, प्रत्येक बदल माझ्याच हातून करवून घेतलात, आणि मी ‘डिग’चे उत्तर मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवला नाहीत. आमच्या एका सभासदाच्या भाचीची आपण मैत्रीण, एवढाच आपला आमचा संबंध होता.

डीमार्कच्या नोंदीत आपण सांगितल्याप्रमाणे धोरण सध्या ‘नन’ (काही कारवाई नको) असेच ठेवले आहे आणि अहवाल येऊ लागले आहेत. ऑनलाइन वर्गणी भरल्यावर पावती पाठवणारी जी वेगळी सेवा आहे, तिची सही अजून आमच्या डोमेनच्या नावाने होत नाही, असे त्या अहवालांत दिसते. ते आधी नीट करावे आणि मगच ‘क्वारंटाइन’वर (नापास पत्र संशयित समजा) जावे, हा आपला सल्ला कार्यकारिणीने मान्य केला आहे. त्या सेवेसाठी लागणारी डीकेआयएमची नोंद या वेळी मीच लिहून काढली आहे, अवतरणचिन्हांसह, आणि चढवण्यापूर्वी ती आपल्या नजरेखालून जावी म्हणून वेगळ्या पत्राने पाठवतो आहे.

आपला कृतज्ञ,
चिटणीस,
एक सार्वजनिक वाचनालय