बाबा, दुकानदार अर्धंच बोलला

स्टुटगार्ट, नोव्हेंबर

प्रिय बाबा आणि आई,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "हे औषध माणसाले काही करत नाही, फक्त गवताले मारते, दुकानदारानं सांगतलं," आणि तेवढ्यात रेंज गेली. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरतंय, आज रविवार आहे तर सगळं नीट लिहून पाठवते.

बाबा, दुकानदार खोटं नाही बोलला पण अर्धंच बोलला. तुम्ही बांधावरच्या कुंद्यावर मारता ते ग्लायफोसेट, 1974 पासून बाजारात आहे. ते झाडातलं एक एन्झाइम बंद पाडतं, मग झाडाला तीन अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि ते वाळतं. ती बनवायची साखळी माणसात नाही, बैलातही नाही, आपल्याला ती आम्लं वरणातून दुधातून मिळतात, म्हणून "माणसाले काही करत नाही". पण आपल्या आतड्यातल्या कितीतरी बॅक्टेरियांमधे तीच साखळी आहे, अगदी झाडासारखीच! फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या लोकांनी त्या एन्झाइमची ठेवण पाहून हिशोब काढला, तर माणसाच्या पोटात नेहमी सापडणाऱ्या प्रजातींपैकी 54 टक्के या औषधापुढे कच्च्या निघाल्या. हा हिशोब कॉम्प्युटरवरचा आहे हां, पोटात जाऊन पाहिलेला नाही.

पोटातलं पाहायचं तर उंदीर. डेन्मार्कमधे 2018 साली उंदरांना दोन आठवडे ग्लायफोसेट दिलं तर बॅक्टेरियांमधे फारसा फरक नाही पडला, कारण खाण्यातूनच ती अमिनो आम्लं आतड्यात तयार मिळत होती, मग स्वतः बनवायची गरजच काय. 2021 मधे लंडनच्या किंग्ज कॉलेजवाल्यांनी 90 दिवस दिलं, तेव्हा उंदरांच्या आतड्यात शिकिमिक आम्ल, म्हणजे त्याच साखळीतला अर्धवट तयार झालेला माल, साठलेलं सापडलं, म्हणजे बॅक्टेरियांची साखळी मधेच अडली होती. (आई, हे आम्ल तुझ्या मसाल्यातल्या चक्रीफुलात भरपूर असतं.) उंदरांना दिलेली मात्रा आपल्या ताटातल्यापेक्षा खूपच जास्त होती, त्यामुळे उद्यापासून जेवण सोडू नका. पण "काहीच करत नाही" हे आता मी तरी कोणाला म्हणू देणार नाही.

मला सगळ्यात लागलं ते मधमाश्यांचं. अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात माश्यांना साखरपाण्यातून ग्लायफोसेट दिलं, पाठीवर रंगाचा ठिपका लावून पोळ्यात सोडलं आणि तीन दिवसांनी परत पकडलं. माशीच्या आतड्यात मुख्य अशा आठच प्रजाती असतात, त्यातल्या चार प्रजातींची संख्या घटली. मग रोगाचा जंतू दिला तर धडधाकट माश्यांतल्या जवळपास निम्म्या आठ दिवसांनी जिवंत होत्या, औषध मिळालेल्यांतल्या जेमतेम दहात एक. औषधानं माशी थेट मेली नाही बाबा, तिचे राखणदार गेले.

आता माझं काम, म्हणजे डाळीत हे औषध किती उरलंय ते लॅबमधे मोजायचं. मसूर दळायची, 5 ग्रॅम पीठ पाण्यात भिजवायचं, आम्ल घातलेलं मिथेनॉल ओतून हलवायचं, फिरवून गाळायचं आणि मशीनला द्यायचं. ऐकायला सोपं आहे, पण बाकीची औषधं ज्या एका पद्धतीत शंभर-शंभर एकदम मोजता येतात त्यात हे सापडतच नाही, कारण ते पाणी सोडून त्या पद्धतीतल्या द्रावकात यायलाच तयार नसतं. ही वेगळी पद्धत इथे जवळच फेलबाखच्या सरकारी लॅबनं बसवली. आणि ते काचेला चिकटतं! पहिल्या महिन्यात मी काचेच्या बाटल्या घेतल्या, आपण मुद्दाम घातलेलं खुणेचं ग्लायफोसेटच कमी दिसायला लागलं तेव्हा कळलं, पूर्ण दिवसाचे नमुने परत केले प्लॅस्टिकमधे. रडू आलं होतं तेव्हा, कारण कमी आलेला आकडा पाहून कोणी म्हणालं असतं बघा माल स्वच्छ आहे.

आई, तू विचारलं होतंस मसूर धुतली की जातं का. थोडं वरचं जातं, सगळं नाही, कारण ते झाडाच्या आत जाऊन दाण्यात बसतं, आणि शिजवूनही मोडत नाही. कॅनडात मसूर कापणीआधी वाळावी म्हणून मारतात, आणि आपल्याकडे बरीच मसूर तिकडूनच येते. युरोपात मसुरीला किलोमागे 10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे बाबांच्या भाषेत दहा क्विंटलला 10 ग्रॅम.

बाबा, 2017 ला यवतमाळात फवारणीत माणसं गेली ती कीटकनाशकांनी, म्हणून तणनाशकाला आपल्याकडे कोणी भीत नाही हे मला समजतं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही हेही माहीत आहे. पण 2022 च्या ऑक्टोबरमधे केंद्र सरकारनं आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं, हे दुकानदारानं सांगितलं का तुम्हाला? निदान तुरीच्या बाजूच्या बांधावर या वर्षी विळ्यानं काढा, मजुरीचे पैसे मी पाठवते. आणि पंप विहिरीवर धुऊ नका, प्लीज.

मातीचा नमुना पाठवू नका, इथे कस्टममधे अडकतो. त्यापेक्षा तूर फुलावर आली असेल तर सकाळी नऊ-दहाला जाऊन माश्या किती दिसतात बघा, व्हिडिओ काढून पाठवा, दादाला सांगा मोबाईल हलवू नकोस.

तुमची,
छोटी