सत्तर टक्के, पण कोणत्या महिन्यातले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातला बार कसा सजवावा यावर लेख आला होता. त्यात सिगार ठेवायच्या लाकडी पेटीबद्दल, म्हणजे ह्युमिडॉरबद्दल, जेमतेम तीन ओळी होत्या. पेटीत ओला स्पंज ठेवा, आर्द्रतेचा काटा सत्तर टक्क्यांवर आणा आणि निश्चिंत व्हा. नाशिकमध्ये हे तिन्ही सल्ले अंगाशी येतात, म्हणून हे पत्र.

आधी सांगते, मी सिगार ओढत नाही. तंबाखू कुठल्याही रूपात वाईटच, हे मत मी घरात वारंवार मांडते आणि ते दर वेळी एकमताने फेटाळलं जातं. धाकटे दीर दुबईला असतात. येताना ते सिगार घेऊन येतात आणि मग दोघे भाऊ गच्चीवर बसून एकेक पेटवतात. पेटीची जबाबदारी मात्र माझ्याकडे आली. माझी सगळी नोकरी एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. हवेतला दमटपणा मोजण्यातलं घरात कुणाला काही कळत असेल तर ते मलाच, असं दोघा भावांनी परस्पर ठरवून टाकलं.

सत्तर हा आकडा खोटा नाही, पण तो एकटा येत नाही. मूळ नियम सत्तर टक्के आर्द्रता आणि सत्तर अंश फॅरनहाइट अशा जोडीचा आहे. सत्तर फॅरनहाइट म्हणजे २१ अंश सेल्सिअस. आपल्याकडे एसी न लावता खोली २१ अंशांवर कधी असते? डिसेंबर-जानेवारीत, तीही सकाळी. बाकी वर्षभर खोलीत २६ ते ३४ अंश असतात, आणि त्या उबेत सत्तर टक्के म्हणजे बुरशीला आमंत्रण. मी आमची पेटी ६२ ते ६५ च्या दरम्यान ठेवते. सिगार त्यातही लवचीक राहतो, नीट जळतो आणि विझत नाही, असं ओढणारे सांगतात.

हा आकडा आपल्या जिल्ह्याला नवाही नाही. कांदा चाळीसाठी २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली, असं सांगतात. लासलगाव-निफाडकडचा शेतकरी ते साधायला चाळीत पाण्याची बादली ठेवत नाही. तो आधी बाहेरची हवा कशी आहे ते बघतो. फरक इतकाच की चाळीत वारा खेळवायचा असतो आणि पेटीत तो अडवायचा असतो.

आणि नाशिकची हवा वर्षभर एका जागी कधी थांबते? एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरचा आमचा मापक पंचविशीच्या खाली जातो. जुलैत तोच नव्वदीला टेकतो. हिवाळ्यात दिवसा कोरडं ऊन आणि पहाटे दव. त्यात उन्हाळ्यात कूलर लावणाऱ्या घरांचं गणित आणखी वेगळं. बाहेर हवा भाजत असते, आत कूलरने साठ-पासष्ट टक्के दमटपणा केलेला असतो, आणि रात्री कूलर बंद केला की तो तासाभरात उतरतो. फट असलेली पेटी या सगळ्याच्या मागे धावत राहते. तेव्हा पाणी किती घालायचं हा प्रश्न नंतरचा. झाकण नीट बसतं का, हा पहिला.

ते घरच्या घरी कळतं. दहाची नोट झाकणाखाली अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि नोट ओढा. सहज निसटली तर त्या जागी फट आहे. चारही बाजूंनी हे करून बघा. दुसरा उपाय असा की मोबाइलचा टॉर्च लावून तो पेटीत ठेवा, झाकण लावा, खोलीत अंधार करा. जिथून उजेड दिसेल तिथूनच ओल जाते. काचेच्या झाकणाच्या पेट्या दिवाणखान्यात शोभून दिसतात, पण काच आणि लाकूड जिथे जुळतं तिथेच बहुतेकींचं अंग सैल असतं. माझं स्पष्ट मत विचाराल तर स्वयंपाकघरातला रबरी कडेचा, चारही बाजूंनी खटक्यांनी बंद होणारा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात सीडरच्या लाकडाची पट्टी टाका. महागड्या पेटीपेक्षा तो जास्त इमानदार. आमच्या घरी अर्थातच हे मान्य नाही, कारण डबा पाहुण्यांना दाखवता येत नाही.

आता काट्याबद्दल. पेटीच्या झाकणावर जो पितळी गोल मापक बसवलेला असतो, तो बहुतेक वेळा दागिना म्हणूनच बघावा. आत धातूची एक गुंडाळी असते, ती दमटपणाने उलगडते किंवा आवळते. दहा टक्क्यांची चूक त्यात सहज असते, आणि वाहतुकीत हादरे बसले की आणखी. साधा डिजिटल मापक बरा, पण तोही तपासल्याशिवाय मानू नये. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, मीठ लागतं. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये, नुसतं भिजायला हवं. टोपण आणि मापक एका घट्ट डब्यात किंवा झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. अशा संपृक्त मिठावरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्के राहते, आणि आपल्या घरांत जे तापमान असतं त्यात हा आकडा जवळपास हलत नाही. सकाळी पिशवी न उघडताच बाहेरून वाचा. मापकाने ६९ दाखवले तर तो सहा कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवायचे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडायचा, कारण यंत्र चुकलं आणि मीठ बरोबर निघालं याचं त्यांना हसू यायचं.

एक खबरदारी. इथे खडे मीठ वापरू नका, पाकिटातलं बारीक मीठ घ्या. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते मुख्यतः त्यांच्यामुळेच. ते असले की ७५ चा आकडा खाली घसरतो आणि चांगला मापक उगाच बदनाम होतो.

नवी पेटी आणली की लगेच सिगार भरायची घाई असते. आतलं अस्तर स्पॅनिश सीडरचं असतं. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या घराण्यातलं नाही, महॉगनीच्या घराण्यातलं आहे. आपल्या लाकूड बाजारात तून म्हणून मिळतं, ते त्याचं जवळचं नातलग. हे लाकूड कोरडं असेल तर पेटीतली ओल आधी तेच पिऊन टाकतं आणि मग सिगारमधली ओढू लागतं. म्हणून रिकाम्या पेटीत बशीत डिस्टिल्ड वॉटर ठेवून आठ-पंधरा दिवस ती बंद ठेवायची. लाकूड ओल्या फडक्याने पुसायचं नाही. पुसलं की ते फुगतं, वाकतं, आणि मग झाकण कधीच नीट बसत नाही.

स्पंजवर माझा राग आहे तो यासाठी. साध्या पाण्याचा स्पंज कुठे थांबायचं ते जाणत नाही. पेटी घट्ट असेल तर तो आर्द्रता शंभराकडे नेतो. त्यात नळाचं पाणी असलं की क्षार साचतात आणि स्पंजवरच बुरशी येते. पाण्यात निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे ओल धरून ठेवणारं एक द्रव रसायन, मिसळलं तर मिश्रण सत्तरच्या आसपास स्वतःला आवरतं आणि बुरशीलाही रोखतं, पण आपल्याला सत्तरही नको आहे. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या उत्तम. बोवेदा वगैरे नावांनी त्या मिळतात. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं, मिठाच्या प्रयोगासारखंच, फक्त क्षार निवडून आकडा ठरवलेला. ६२ ची, ६५ ची, ६९ ची अशा पुड्या असतात. हवा कोरडी झाली की पुडी ओल सोडते, दमट झाली की ओढून घेते. पंचवीस सिगारांमागे ६० ग्रॅमची एक पुडी धरतात. विमानतळावर शुल्क न भरता आणता येणारे सिगारही २०१६ च्या नियमांत पंचवीसच होते, त्यामुळे आमचा हिशेब सोपा आहे. पुडी कडक होऊन आत कण लागू लागले की संपली. टम्म फुगली तर पेटीला फट आहे किंवा बाहेर आषाढ आहे.

तो आषाढच खरा परीक्षेचा. कोरडेपणाची भीती सगळ्यांना असते, कारण सुकलेला सिगार हातात तडकतो आणि डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यातलं नुकसान आतून होतं. आतलं पान फुगतं, बाहेरचं वेष्टन ताणून फाटतं, ओढायला दम लागतो, एका बाजूने जळत जातं. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पेटीतला पाण्याचा सगळा साठा बाहेर निघतो, फक्त ६२ च्या पुड्या राहतात. पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर, मधल्या खोलीतल्या कपाटात जाते. ती केवळ बघण्यासाठी उघडायची नाही, हा नियम मी दिरांच्या उपस्थितीतही शिथिल करत नाही. वेष्टनावर पांढरा भुरा दिसला की काही जाणकार त्याला मुरल्याची खूण म्हणून मिरवतात. ती बहुधा बुरशीच असते. असा सिगार बाहेर काढावा आणि शेजारचे नीट तपासावेत.

उन्हाळ्यात काटा बघून घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रिकाम्या बंद डब्यात हवा तापली की आर्द्रतेची टक्केवारी घसरते, हे आपण शाळेत शिकतो. लाकूड आणि पानांनी भरलेल्या पेटीत उलट घडतं. तापल्यावर लाकूड आणि पान दोन्ही थोडी ओल सोडतात आणि काटा चढतो. मे महिन्यात दुपारी तो दोन-तीन टक्के वर दिसला तर झाकण उघडून वारा देऊ नका. संध्याकाळी तो आपसूक उतरतो. वारा दिलात तर ओल बाहेर जाते आणि रात्री पेटी खरोखर कोरडी होते.

काही घरांत सिगार फ्रीजमध्ये जातात. फ्रीजची हवा कोरडी, शिवाय लसणाच्या चटणीचा वास फुकट मिळतो. आपल्याकडे गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आल्यापासून वाइनची काचेची कपाटंही घरांत दिसू लागली आहेत. त्यातही थंड नळीवर हवेतली ओल पाणी होऊन वाहून जाते. ठेवायचेच असतील तर सिगार घट्ट डब्यात, पुडीसकट, आणि कपाट १८ अंशांवर ठेवून. वाइनच्या तापमानावर नको.

किडीचा विषय लेखात नव्हताच. तंबाखूचा भुंगेरा म्हणजे आपल्या हळदीत, धन्यात, मिरची पुडीत होतो तोच तपकिरी बारीक किडा. पानात त्याची अंडी आधीच असू शकतात आणि चोवीस-पंचवीस अंशांच्या वर ती उबतात. म्हणजे नाशिकमध्ये वर्षातले बहुतेक महिने. टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर आर्द्रता कमी करून काही होत नाही, थंडी लागते. सगळे सिगार झिपच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस, मग एक दिवस फ्रीजमध्ये, मग एक दिवस बाहेर. पिशवी शेवटपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर दव धरतं.

माझ्या सासूबाई सिन्नरच्या. मुलगी असताना त्यांनी घरी बिड्या वळलेल्या. टेंभुर्णीची पानं भिजवून ओल्या गोणपाटात रात्रभर गुंडाळायची, सकाळी कात्रीने कापताना पान तडकता कामा नये आणि बोटाला पाणीही लागता कामा नये, हे त्यांच्या हातात पक्कं बसलेलं. मापकावर त्यांचा विश्वास नाही. सिगार अंगठा आणि बोटात हलकेच दाबतात, सोडतात, पान परत वर येतं का ते बघतात आणि 'जरा वारा लागू दे' किंवा 'बरं आहे' असा निकाल देतात. मी मिठावर तपासलेला मापक आणि त्यांचं बोट यांत क्वचितच फरक पडतो. पडला तर घरात त्यांचं धरलं जातं.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पुरवणीत या विषयावर पुन्हा काही येणार असेल तर ते जूनच्या आत यावं आणि त्यात मिठाची चाचणी चौकटीत द्यावी. मापक विकणाऱ्या दुकानदारांनीही ती चिठ्ठी डब्यात घातली तर बरं होईल. दुसरं म्हणजे त्या लेखाखाली एका दुकानाचं नाव, पत्ता आणि सिगारच्या पेट्यांचा मोठा फोटो होता. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. लेख की जाहिरात, असा संभ्रम वाचकाला पडू नये, एवढं संपादकीय विभागाने पाहावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
इंदिरानगर, नाशिक