मिस्त्रीभाऊ, तुमच्या क्लॅम्पबद्दल

मिस्त्रीभाऊंना सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर चार ओळी टाकून हे उरकता आलं असतं. पण आमच्या नागपूरजवळच्या कळमेश्वर भागात ज्याच्या-त्याच्या शेतात आता ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, दिसू लागलाय आणि माझा पाहिला की जो तो विचारतो, "ताई, हा क्लॅम्प कुठून आणला?" म्हणून चारचौघांत लिहिते. नाव घालू नका म्हणालात, घालत नाही. काटोल रोडवर ग्रिल आणि गेटं करणारे एक मिस्त्री, एवढंच सांगते.

तुमच्याकडे येण्याआधी ऑनलाइन मागवलेला एक स्टँड वापरून झाला होता. झाडात स्क्रू पिळून घुसवायचा आणि पुढच्या प्लास्टिकच्या गोळीवर कॅमेरा बसवायचा, असा. आठ सेल भरलेला कॅमेरा त्या गोळीवर उन्हाळाभर मान टाकून बसला. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

तुम्ही मात्र कॅमेरा हातातही घेतला नाहीत. "पहिले झाड कोणतं हाय ते सांगा जी, कॅमेरा मंग पाहू." मी सांगितलं : धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंब आणि सागाची ओळ, नाल्याकडे बाभळी, आत सगळा संत्रा. तुम्ही संत्रा तिथल्या तिथे बाद केलात. गेटाचं काम करणाऱ्या माणसाला डिंक्या रोग माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं, पण तुमचं माहेर—म्हणजे वहिनींचं माहेर—संत्र्याच्या वरुडकडचं निघालं. संत्र्याच्या खोडाला जखम झाली की या रोगाची बुरशी तिथून शिरते. त्यासाठी तर आम्ही एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असा बोर्डो मलम करून खोडं रंगवतो. रंगवलेल्या खोडात आपणच स्क्रू पिळायचा, याला काय म्हणायचं! सागाचंही तेच. आत राहिलेलं लोखंड झाड वाढताना गिळून टाकतं आणि पुढे कधी तरी ते आरामशीनच्या पात्याला लागतं.

"म्हणजे भोक नाही पाडायचं. मंग झाडाले कवळच घालू," म्हणालात आणि खडूने फरशीवर आकृती काढलीत.

ती आकृती इथे शब्दांत मांडते, कारण विचारणाऱ्यांना हवी आहे ती हीच. एक इंची अँगलचे दोन वीतभर तुकडे, एकमेकांपासून थोडे दूर, पट्टीवर उभे जोडलेले. दोघांच्या कडा खोडाला टेकतात, मधली जागा मोकळी राहते, त्यामुळे गोल बुंध्यावरही ते डुगडुगत नाही. सपाट पाटी गोल खोडावर एकाच रेषेत टेकते आणि झुलते, हे तुम्ही गॅस सिलिंडरवर फूटपट्टी ठेवून दाखवलंत. अँगलला वर-खाली दोन खाचा, त्यांतून ट्रकवाले माल बांधतात तो नायलॉनचा पट्टा. कडा आणि साल यांच्यामध्ये टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. पट्टा दर हंगामात एकदा सैल करून पुन्हा आवळायचा, नाहीतर वाढत्या खोडाला तो कापतो. हे तुम्ही बजावलंत आणि बिलावर लिहूनही दिलंत. बिलावर सूचना लिहून देणारे मिस्त्री मी आणखी पाहिलेले नाहीत.

पुढची दांडी छोटी. तिच्या टोकाला दोन पट्ट्या, मधून बोल्ट आणि विंगनट, म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकवता येतो. झुकवणं इथे चैन नाही. रानडुकरासाठी कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर लागतो आणि तिथे कडुनिंबाचा बुंधा फुगलेला असतो. कॅमेरा नुसता बांधला तर तो आभाळाकडे पाहतो. लोक मागे काडी खुपसून भागवतात, वाऱ्यात काडी पडते. तुम्ही दोन पट्ट्यांच्या मध्ये दातेरी वायसर घातलंत. दात दातांत बसले की कोन हलत नाही. आमच्याकडची वानरं कॅमेऱ्याला थापड मारल्याशिवाय पुढे जात नाहीत, तरी फोटोतली जमीन जिथल्या तिथे आहे.

आणि तो बोल्ट! कॅमेऱ्याच्या बुडाला जो आटा असतो तो दोन सुताचा, म्हणजे पाव इंची, इंचाला 20 आटे, फोटोग्राफरच्या ट्रायपॉडचा असतो तोच. दुकानात सहज हाती येतो तो सहा एमएमचा. तो जरा बारीक, आटे जरा दाट. दोन फेरे ढिला-ढिला जातो, मग अडकतो आणि जोर केला की कॅमेऱ्याचाच आटा घेऊन बाहेर येतो. तुम्ही गेज लावून पाहिलंत आणि सहा एमएमचा डबा बाजूला सारलात. शिवाय बोल्ट जास्त आत जाऊ नये म्हणून त्यावर चेकनट चढवलात, कारण ते भोक उथळ असतं आणि लांब बोल्ट आतल्या प्लास्टिकला ढुसण्या देत राहतो. हजारो रुपयांच्या वस्तूचं आयुष्य अशा दोन-चार रुपयांच्या नटावर असतं. मेगापिक्सेलची चर्चा करणाऱ्यांनी एकदा नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत फिरून यावं.

एका गोष्टीवरून आपलं वाजलं, तेही लिहिते. बाभळीला बांधू नका, असं तुमचं म्हणणं. मला नाल्याची वाट हवी होती. तुम्ही म्हणालात, बारीक खोड हलतं. ते बरोबरच होतं आणि त्याची दुसरी बाजू मला माहीत होती : कॅमेऱ्यातला सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो, खोड डोललं की त्याच्यापुढे तापलेलं गवत सरकतं आणि तो रिकामे फोटो काढत बसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर गेला की जमीन आणि जनावर सारखंच गरम, मग भर दुपारी समोरून रोही, म्हणजे नीलगाय, गेली तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून तोंड उत्तरेला हवं, समोर सावली हवी, गवत कापलेलं हवं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि बाभळीचा हट्ट सोडवायला अँगलचा खुंटा करून दिलात, खाली टोक काढलेला, वर तोच क्लॅम्प बसणारा. रेड ऑक्साइडवर चकाकता रंग न देता मातकट रंग दिलात. रात्री कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश चकाकत्या लोखंडावर पडला की फोटो पांढराफटक होतो, हे मी सांगितल्यावर पुढची दांडीही तुम्ही स्वतःहून कापून आखूड केलीत.

आता निकाल. डुकरं जंगलाच्या बाजूने येतात असं गावात सगळे म्हणत आणि कुंपणाचा खर्च तिकडेच होई. खुंट्यावरच्या कॅमेऱ्याने दाखवलं की कळप नाल्यातून चढतो. कुंपणाच्या तारेत नुसता झटका सोडणारी सोलरची झटका मशीन तिकडे वळवली, यंदाची तूर घरी आली. थेट लाइनचा करंट तारेत सोडणारे आपल्या भागात अजून आहेत. त्यात डुकराबरोबर वाघ मरतो आणि माणूसही. डुकराची वाट नेमकी कळली तर तशी तार टाकायची कुणाला गरजच काय?

एकदा बिबटही दिसला, एकाच अंगाचा. त्याची दोन्ही अंगं टिपायची असतील तर वाटेच्या दोन्ही कडांना कॅमेरे लागतात, कारण डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. वनखातं वाघांच्या गणनेत पट्ट्यांसाठी तसंच करतं. मात्र दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत, एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. मला एवढं नको, माझं भांडण डुकरांशी आहे. आणि ज्यांना हे वाचून जंगलात जाऊन क्लॅम्प बांधावासा वाटेल त्यांनी आधी वनखात्याची परवानगी घ्यावी. माझा आहे तो माझ्या धुऱ्यावर.

तुम्ही पैसे पूर्ण घेतलेत, हे मला फार आवडलं. "समाजकार्य आहे हो, थोडं कमी करा," असं म्हणायचं माझ्या जिभेवर होतं, पण खडूची ती आकृती पाहिल्यावर गिळलं.

शेजारच्या भावजींना चार क्लॅम्प आणि दोन खुंटे हवे आहेत. त्यांच्याकडे मोहाची जुनी झाडं आहेत, बुंधा दोन माणसांच्या कवेत न येणारा, तेव्हा पट्टा लांब लागेल. आणि खारींनी माझा एक पट्टा कुरतडलाय, त्या जागी प्लास्टिक चढवलेली तारेची दोरी चालेल का, ते मंगळवारी येते तेव्हा पाहू.

आपली,
कळमेश्वरकडची संत्रावाली ताई